भातुकली, खिरापत आणि शालेय पाकशिक्षण : वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लहान मुलांना स्वयंपाकात सामील करून घ्यावे, त्यातून त्यांना आनंद मिळावा आणि नकळत शिक्षणही घडावे, हा विचार अलीकडे बालशिक्षणाच्या क्षेत्रात नव्याने मांडला जातो. शहरी शाळांतून व उन्हाळी शिबिरांतून 'विस्तवाविना स्वयंपाक', बिस्किटे व केक भाजणे असे उपक्रम होतात आणि ते पाश्चात्त्य शिक्षणपद्धतीची देणगी आहेत असा सर्वसाधारण समज असतो. हा समज तपासून पाहण्याची आवश्यकता आहे. महाराष्ट्रातील, विशेषतः वऱ्हाडातील लोकजीवनात मूल आणि चूल यांचे नाते फार जुने आहे. त्याला खेळाचे, सणाचे आणि शेतीच्या हंगामाचे अधिष्ठान होते. मात्र हे नाते सरसकट गौरवावे असेही नव्हते. त्यात लिंगभेद होता, जातिभेद होता आणि अनेक घरांत आनंदापेक्षा कष्टच अधिक होते.

प्रस्तुत लेखात या नात्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. पाककृतीच्या संदर्भात मूल केव्हा 'करणारे' होते आणि केव्हा केवळ 'खाणारे' झाले, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय. अभ्यासाचे क्षेत्र म्हणून वाशिम जिल्ह्याचा परिसर घेतला असून, जेथे प्रयोगाची मूळ भूमी अन्यत्र आहे तेथे सेवाग्राम, सातारा, बोर्डी व कोसबाड येथील कार्याचा आधार घेतला आहे.

वाशिम परिसराची ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती आणि सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक मानला जातो. विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट वाशिम येथेच उपलब्ध झाला आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत झाल्याची कल्पना केली आहे. ब्रिटिश अमदानीत वाशिम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. कारंजा येथील नृसिंह सरस्वतींचे स्थान, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी यांमुळे या छोट्या जिल्ह्यात विविध समाजांच्या अन्नपरंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

वत्सगुल्माचा उल्लेख वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त येतो ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका उल्लेखाकडे मात्र फारसे लक्ष दिले गेले नाही. बालवयातील सहवासाचे वर्णन करताना वात्स्यायनाने फुले वेचणे, माळा गुंफणे, छोटी घरे करणे, बाहुल्यांशी खेळणे यांच्या बरोबरीने खाद्यपेयांचा लुटुपुटीचा बेत करणे या खेळाचाही निर्देश केला आहे. म्हणजे ज्याला आपण भातुकली म्हणतो तो खेळ त्या काळी इतका रूढ होता की शास्त्रकाराला तो गृहीत धरता आला. विशेष म्हणजे हा खेळ तेथे मुलगा व मुलगी दोघे मिळून खेळतात. त्याच ग्रंथातील चौसष्ट कलांच्या यादीतही पाककौशल्याला स्थान आहे. तेव्हा स्वयंपाक ही खेळता येण्याजोगी आणि शिकण्याजोगी कला आहे, ही जाणीव या भूमीला परकी नाही.

भातुकली : अनुकरणातून शिक्षण

भातुकलीत चूल, बोळकी, पोळपाट-लाटणे, जाते, सूप, परात अशी घरातील सर्व उपकरणे लहान आकारात असतात. श्रीमंत घरी ती पितळेची, लाकडाची वा दगडाची असत. सामान्य घरांतील मुले मातीची बोळकी, करवंट्या आणि फुटके खापर यांवर भागवीत. पदार्थही दोन प्रकारचे असत. माती, पाला आणि फुले यांचा 'खोटा' स्वयंपाक आणि चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, भिजवलेली डाळ यांचा 'खरा' स्वयंपाक. दुसऱ्या प्रकारात मूल मोजते, वाटते, वाढते आणि पुरवून खायला शिकते. चार जणांत मूठभर शेंगदाणे वाटायचे असतील तर भागाकार शिकवावा लागत नाही.

भातुकलीला सामाजिक मर्यादाही होत्या. खेळ एकत्र असला तरी त्यातील भूमिका वाटलेल्या असत. मुलगा 'बाजार आणतो' आणि मुलगी 'रांधते', हे खेळाचे अलिखित कथानक होते. सात-आठ वर्षांचा झाल्यावर मुलगा या खेळातून बाहेर पडे. मुलीची भातुकली मात्र हळूहळू खऱ्या चुलीजवळ सरकत जाई. एकाच्या बाबतीत खेळ संपे, दुसरीच्या बाबतीत खेळाचे काम होई. या प्रक्रियेत आनंद केव्हा संपला आणि जबाबदारी केव्हा सुरू झाली, याची नोंद कोणी घेतली नाही.

खिरापत : वऱ्हाडातील भुलाबाईचा उत्सव

पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा म्हणून ओळखला जाणारा मुलींचा उत्सव विदर्भ व खानदेशात भुलाबाई या नावाने साजरा होतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर तो चालतो. भुलोजी व भुलाबाई या शंकर-पार्वतीच्या लोकरूपांच्या मातीच्या मूर्ती मांडल्या जातात, सायंकाळी मुली टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत वाटली जाते. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मंडप करून त्यात ही जोडी बसविण्याची चाल आहे.

या उत्सवातील गीतांचा अभ्यास लोकसाहित्याच्या संशोधकांनी केला आहे. त्यांच्या तुलनेत खिरापतीचा शैक्षणिक अंगाने विचार झाला नाही. खिरापत ही केवळ वाटली जात नाही, ती ओळखावी लागते. झाकलेला डबा हलवून दाखविला जातो, आवाजावरून पदार्थ कोरडा की ओला हे मुली ताडतात. गोड की तिखट, तळलेला की भाजलेला, डाळीचा की पिठाचा असे प्रश्न विचारीत त्या उत्तराजवळ जातात. न ओळखता आल्यास हार मान्य करावी लागते. पदार्थांचे चव, पोत, घटक आणि कृती यांनुसार वर्गीकरण करण्याचा हा अभ्यास महिनाभर रोज चाले आणि त्यासाठी कोणी फळा-खडू वापरला नाही. यजमान मुलीच्या दृष्टीने पाहिले तर कोणाला ओळखता येणार नाही असा पदार्थ निवडणे, आईजवळ बसून तो गुपचूप करणे आणि सर्वांना पुरेल एवढा करणे, ही एक योजनाच असे. मुलीला स्वयंपाकघरात बोलवावे लागत नसे. गुपित राखण्याच्या ओढीने ती आपण होऊन येई.

उत्सवाचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. मूग, उडीद घरात येतात, ज्वारी कणसात येते, भुईमुगाच्या शेंगा, मक्याची कणसे, काकड्या उपलब्ध होतात, अशा दिवसांत हा उत्सव येतो. साहजिकच खिरापतीत नव्या पिकाला स्थान मिळे. शेतात काय पिकते आणि घरात काय शिजते, यांतील संबंध मुलांना प्रत्यक्ष दिसे.

तथापि येथेही मर्यादा होती. गावाची वस्ती जातवार असल्यामुळे भुलाबाईचे फेरही बहुधा आळीपुरते असत. कोणाच्या घरची खिरापत कोणी खावी, याचे नियम मुलींनी केले नव्हते, पण पाळावे मात्र त्यांना लागत. डब्यातील पदार्थ ओळखण्याचे स्वातंत्र्य होते. डबा कोणाचा असावा याचे नव्हते.

उन्हाळी वाळवण, रोडगे आणि हुरडा :

वार्षिक वाळवणाच्या दिवसांत मुलांचा स्वयंपाकातील सहभाग सर्वाधिक असे. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून काढलेला चीक शिजला की वाटी घेऊन रांग लावणारी मुले, पापडाच्या लाट्यांवर डोळा ठेवणारी मुले आणि वाळत घातलेल्या कुरडया-सांडग्यांची कावळ्यांपासून राखण करणारी मुले, हे चित्र घरोघरी असे. शेवया, नखुले, गव्हले, मालत्या, सरगुंडे यांसारखे हाताने वळण्याचे प्रकार म्हणजे बोटांच्या सूक्ष्म हालचालींचे उत्तम शिक्षण होते. लहान मुलीला कणकेचा एक गोळा देऊन बाजूला बसविले जाई. तिचे पहिले नखुले वेडेवाकडे झाले तरी ते खाटेवर इतरांच्या रांगेतच वाळत पडे. चूक पदार्थात मुरून जाई, मुलीच्या मनात राहत नसे.

भाजण्याच्या कलेचेही स्थानिक रूप येथे आहे. केक किंवा पाव यांची भट्टी ग्रामीण वऱ्हाडाला अपरिचित होती. परंतु जाडसर कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजून, राख झटकून, तुपात बुडवून वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खाण्याची पद्धत या प्रदेशाची ओळख आहे. पळसाच्या पानांत थापून निखाऱ्यावर भाजलेले पानगेही त्याच जातीचे. रोडग्यांचा स्वयंपाक शेतात वा देवस्थानी उघड्यावर होतो आणि त्यात पुरुष मंडळी पुढाकार घेतात, ही बाब महत्त्वाची आहे. गोवऱ्या रचणे, कणकेचे गोळे वळणे, राखेतून रोडगे हुडकून काढणे या कामांत मुलगेही सहज सामील होत. घरातील चुलीजवळ मुलग्याला जे स्थान नव्हते ते रानातील आराजवळ होते. हिवाळ्यातील हुरडा हाही असाच. आगटीत कणसे भाजणे आणि गरम दाणे तळहातावर चोळून पाखडणे यात मुलांचा उत्साह मोठ्यांहून अधिक असे.

संक्रांतीनंतर पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना घातले जाणारे बोरन्हाण, ज्यात बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा मुलाच्या डोक्यावरून ओतून इतर मुलांनी ते वेचून खावयाचे असतात, हेही अन्न आणि खेळ यांच्या मिलाफाचेच उदाहरण होय. बंजारा तांड्यांवर तीज उत्सवात कुमारिका टोपल्यांत गहू पेरून त्यांची निगा राखतात. अन्नाचा आरंभ ताटात नसून बीजात आहे, हे त्यातून ठसते.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकात पत्रावळ लावण्यास न शिकलेल्या श्यामला घरातून मिळालेल्या धड्याचा प्रसंग प्रसिद्धच आहे. तो प्रसंग कोकणातील असला तरी पळसाची पाने वेचून पत्रावळी-द्रोण लावण्याचे काम वऱ्हाडातील मुलांच्याही अंगवळणी होते. जेवायचे असेल तर जेवणाच्या तयारीत आपला हात असला पाहिजे, ही शिकवण त्यामागे होती.

शैक्षणिक प्रयोग : बालमंदिर, वसतिगृह आणि नई तालीम

विसाव्या शतकात मुलांच्या या सहभागाला प्रथमच शिक्षणशास्त्राचे रूप मिळाले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे सुरू केलेल्या बालगृहात मुले स्वतः मेज मांडीत, सूप वाढीत आणि भांडी आवरीत. 'जीवन व्यवहार' हा त्या पद्धतीचा पाया होता. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी या पद्धतीला भारतीय वळण दिले. काही काळ अमरावती येथे वास्तव्य असलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. त्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. नंतर हे कार्य कोसबाड येथे आदिवासी मुलांमध्ये रुजले. महागडी परदेशी साधने बाजूला सारून बिया, शिंपले, माती, पाने अशा परिसरातील वस्तूंनाच साधन बनविण्याचा त्यांचा आग्रह होता. धान्य निवडणे, सोलणे, ओतणे, मोजणे ही घरातील कामे अशा रीतीने शिक्षणाची साधने ठरली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' ही संकल्पना पुढे आली.

वसतिगृहांच्या चळवळीने जातीचा प्रश्न थेट स्वयंपाकघरात सोडविला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये सातारा येथे सुरू केलेल्या वसतिगृहाला महात्मा गांधींनी १९२७ मध्ये छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले. तेथे विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करीत आणि एका पंगतीत जेवीत. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या पुढाकाराने अमरावतीत उभे राहिलेले श्रद्धानंद छात्रालय याच विचारधारेतील होते. ही मुले वयाने काहीशी मोठी होती हे खरे. परंतु मुलग्याने भाकरी थापणे यात कमीपणा नाही आणि कोणी थापली हे विचारण्याचे कारण नाही, या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी शिकविल्या गेल्या.

वाशिमला जवळच्या अशा वर्धा-सेवाग्राम परिसरात या विचाराला व्यापक रूप मिळाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आराखडा तयार केला आणि १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. या आराखड्यातही वरच्या इयत्तांतील मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा प्रगत अभ्यासक्रम घेण्याची मुभा होती. म्हणजे कागदावर स्वयंपाकाचा विषय मुलींकडेच राहिला. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र आर्यनायकम् दांपत्याच्या मार्गदर्शनाखाली सेवाग्रामचे सामुदायिक स्वयंपाकघर हाच एक वर्ग बनला. मुलामुलींच्या तुकड्या पाळीपाळीने धान्य निवडीत, भाजी चिरीत, स्वयंपाक करीत, हिशेब लिहीत आणि आहाराच्या पोषणमूल्याचा विचार करीत. १९४५ नंतर नई तालीमचा विस्तार पूर्व-बुनियादी अवस्थेपर्यंत झाला आणि शांताबाई नारुलकर यांनी लहान मुलांसाठी तेथे केलेले काम याच दिशेचे होते. भातुकलीतील आनंद, घरातील उपयुक्तता आणि वर्गातील ज्ञान यांचा संगम येथे प्रथम घडला. लिंगभेद व जातिभेद ओलांडून तो घडला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

स्वातंत्र्योत्तर काळात बुनियादी शाळांची संख्या वाढली, परंतु त्यांतील मूलोद्योग पुष्कळदा तासिकेपुरता उरला. परीक्षाकेंद्री शिक्षणाने हाताच्या कामाला दुय्यम ठरविले. स्वयंपाकघर पुन्हा शाळेबाहेर गेले.

कल्याणकारी योजना : करणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. ताराबाईंची 'अंगणवाडी' ही संज्ञा या योजनेतून देशभर पोहोचली. १५ ऑगस्ट १९९५ पासून प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम आला. आरंभी विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी तांदूळ दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि मराठी शाळांच्या बोलीत ही योजना 'खिचडी' या नावानेच रूढ झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या आहाराला हक्काचे स्वरूप दिले. २०२१ मध्ये योजनेचे नाव प्रधानमंत्री पोषण असे झाले.

या योजनांचे महत्त्व निर्विवाद आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडातील जनता होरपळून निघाली होती. त्याच प्रदेशातील प्रत्येक शालेय मुलाला शतकानंतर दुपारचे जेवण हक्काने मिळावे, ही मोठी मजल होय. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले. खिरापतीचा डबा ज्या आळीच्या सीमेवर थांबत असे, ती सीमा शाळेच्या पातेल्याने ओलांडावी, असा त्यामागील आशय होता.

परंतु या व्यवस्थेत मुलाची भूमिका बदलली. तो लाभार्थी झाला. पदार्थ कोणता, प्रमाण किती, कोणत्या वारी काय, हे सर्व वरून ठरू लागले. स्वयंपाक त्याच्या दृष्टीआड होऊ लागला. यामागे सबळ कारणेही होती. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम् येथे शाळेच्या स्वयंपाकाच्या जागी लागलेली आग पसरून ९४ बालके मृत्युमुखी पडली. वर्गखोल्यांपासून स्वयंपाकगृह वेगळे व सुरक्षित असावे, हा धडा देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला. मुलांना विस्तवापासून दूर ठेवणे आवश्यकच आहे. मात्र विस्तवापासून दूर ठेवताना त्यांना धान्यापासून, भाजीपासून आणि निवडी-मोजणीपासूनही दूर ठेवले गेले, हे आवश्यक नव्हते.

परिवर्तनाची भौतिक कारणे :

घरातील बदलही तेवढेच निर्णायक ठरले. पहिला बदल पिकांचा. १९९० च्या दशकापासून वाशिम परिसरात सोयाबीनचा विस्तार झाला आणि ज्वारीचे क्षेत्र आक्रसले. सोयाबीन थेट बाजारात जाते. त्याचा हुरडा होत नाही, त्याच्या धांड्यांचा मंडप होत नाही. पीक बदलले तसे मुलांच्या खेळाचे साहित्यही नाहीसे झाले. दुसरा बदल स्वयंपाकघराच्या उंचीचा. चूल जमिनीवर होती, आई बसून रांधत असे आणि मुलाची नजर तव्याच्या पातळीवर असे. गॅस आला, ओटा आला आणि स्वयंपाक मुलाच्या डोक्यावर गेला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने हा बदल गरीब घरांपर्यंत नेला. धुरातून सुटका झाली, भाजण्याचे अपघात टळण्यास मदत झाली. या लाभाबरोबरच मुलाच्या निरीक्षणाची जुनी जागा मात्र गेली. तिसरा बदल तयार पाकीटबंद पदार्थांचा. खेड्यातील किराणा दुकानातही लटकणारी रंगीत पाकिटे मुलाला खाऊ देतात, पण तो कसा होतो हे सांगत नाहीत. डबा हलवून ओळखण्याजोगे त्यात काही नसते. नाव वर छापलेलेच असते.

समकालीन प्रयत्न आणि त्यांचे मूल्यमापन :

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून भरणारे 'बाल आनंद मेळावे' हा या दृष्टीने महत्त्वाचा उपक्रम होय. विद्यार्थी घरून भेळ, भजी, पोहे, उसळी, लाडू यांसारखे पदार्थ करून आणतात किंवा शाळेतच तयार करतात, त्यांची किंमत ठरवितात, विकतात आणि नफा-तोट्याचा हिशेब मांडतात. पालक व ग्रामस्थ गिऱ्हाईक होतात. स्काउट-गाइड चळवळीतील 'खरी कमाई' या उपक्रमाशी त्याचे साम्य आहे. अनेक शाळांतून परसबागा उभ्या राहिल्या असून त्यांतील पालेभाज्या शालेय आहारात वापरल्या जातात. सेवाग्राम येथे २००५ पासून आनंद निकेतन विद्यालयाच्या रूपाने नई तालीमची परंपरा पुन्हा सुरू झाली असून शेती व वस्त्रोद्योगाबरोबर स्वयंपाक हाही तेथील शिक्षणाचा भाग आहे.

आनंद मेळाव्यात मुलगे व मुली समान हौसेने भाग घेतात, एकमेकांच्या घरचे पदार्थ चाखतात. भातुकली व खिरापत यांना जे जमले नाही ते येथे घडते. परंतु मेळावा वर्षातून एकदा होतो आणि पदार्थ पुष्कळदा आईने केलेला असतो. महिनाभर चालणाऱ्या भुलाबाईच्या नित्य सरावाची बरोबरी एका दिवसाच्या कार्यक्रमाने होणे कठीण आहे.

येथे बालश्रमाचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मुलाला शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची, काम धोकादायक नसल्यास, मुभा आहे. आईवडील मजुरीला गेले असता धाकट्या भावंडांसाठी रोज भाकरी थापणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी स्वयंपाकाचा 'आनंद' घेत नसते. तिच्यासाठी शाळेतील जेवण हीच खरी सुटका असते. म्हणून मुलांनी स्वयंपाक करावा असे म्हणताना तो कोणाच्या घरी खेळ आहे आणि कोणाच्या घरी ओझे आहे, हा भेद केलाच पाहिजे. खेळात मूल केव्हाही उठून जाऊ शकते, कामातून उठता येत नाही. हीच या दोहोंतील सीमारेषा होय.

वाशिम जिल्ह्याचा समावेश २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला असून आरोग्य व पोषण हा त्या कार्यक्रमातील एक प्रमुख विषय आहे. पोषणाचा प्रश्न प्रामुख्याने उत्पन्न, आरोग्यसेवा व अन्नाची उपलब्धता यांचा आहे, हे मान्य करूनही ताटातील अन्नाशी मुलाचे नाते कसे आहे, हा प्रश्न उरतोच. जे मूल शेंगा सोलते, मेथी निवडते, मोड आलेल्या मटकीला रोज पाणी देते, त्याला ते अन्न परके राहत नाही.

निष्कर्ष :

१. लहान मुलांसाठी स्वयंपाक आनंददायी करण्याची कल्पना आयात केलेली नाही. भातुकली, खिरापत, वाळवण, रोडगे व हुरडा यांतून ती वऱ्हाडी लोकजीवनात रुजलेली होती.

२. या परंपरेचे शैक्षणिक मूल्य मोठे असले तरी तिला लिंगभेदाची व जातिभेदाची चौकट होती. घरातील चूल मुलींची आणि खिरापत आळीपुरती, ही तिची मर्यादा होती.

३. शाहू बोर्डिंग, बालमंदिरे आणि सेवाग्रामची नई तालीम यांनी ही चौकट मोडून मुलाला जाणीवपूर्वक 'करणारा' बनविले.

४. कल्याणकारी योजनांनी भुकेचा प्रश्न हाती घेतला आणि समतेचे तत्त्व आणले, परंतु मुलाला केवळ 'खाणारा' ठरविले. पीकपद्धती व स्वयंपाकघराची रचना यांतील बदलांनी हे अंतर वाढविले.

५. आनंद मेळावे व परसबागा हे हे अंतर कमी करणारे उपक्रम आहेत. धान्य निवडणे, मोजणे, मोड आणणे, सोलणे, विस्तवाविना पदार्थ करणे अशी सुरक्षित कामे प्रौढांच्या देखरेखीखाली नित्याच्या शालेय व्यवहारात आणल्यास त्यांना सातत्य लाभेल. मात्र स्वयंपाकी भगिनींचे काम मुलांवर टाकणे असा त्याचा अर्थ होता कामा नये.

६. भुलाबाईच्या खिरापतीतील पदार्थ, त्यांची नावे, कृती आणि ओळखण्याच्या पद्धती यांचे संकलन अद्याप व्हावयाचे आहे. ज्या स्त्रियांनी बालपणी हा खेळ महिनाभर खेळला त्या आज वृद्ध आहेत. वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व गृहशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या सहकार्याने हे मौखिक साधन वेळीच नोंदवून घेतल्यास स्थानिक इतिहासाबरोबर बालशिक्षणाचीही मोलाची सेवा घडेल.